गिटारची वरची फळी किती पातळ करावी?

प्रश्न : घरच्या कार्यशाळेत मी पहिली गिटार घडवत आहे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची वरची फळी रंधा मारून ३ मिलिमीटरवर आणली आहे. ती आणखी पातळ करावी का?

उत्तर : केवळ मापावर विसंबू नका. फळी दोन बोटांत सैल धरून टिचकी मारा; आवाज बद्द येत असेल तर थोडे थोडे तासत जा, पण तो घुमू लागताच हात आवरा, कारण स्टीलच्या तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो असतो आणि फार पातळ फळी ब्रिजमागे (तारा फळीवर जिथे अडकवतात त्या तुकड्यामागे) फुगते.

उत्तर : सहमत आहे. मात्र फळीला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या चिकटवताना सापेक्ष आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास असावी. दमट दिवसांत चिकटवलेली माझी फळी हवा कोरडी पडताच मधोमध तडकली.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आर्द्रतामापक आणेपर्यंत पट्ट्या चिकटवणार नाही.