अंतर ३५० किमी, तिकिटावर सव्वा तास?

प्रश्न: दोन छोट्या विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर ३५० किमी. एटीआर ७२ हे पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० किमीने उडतं, म्हणजे ४२ मिनिटं. मग सव्वा तास कसा? आईला व्हीलचेअर लागते, पुढे ट्रेन गाठायची आहे, म्हणून नेमकं विचारतेय.

उत्तर: ताई, तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढतानाचा कमी वेग, उतरण्याआधीचा वळसा, सगळं त्यातच. समोरून ताशी ५० किमीचा वारा असला की ४२ची ४७ मिनिटं होतात.

दुसरं उत्तर: व्हीलचेअरवाल्यांना बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी उतरवतात. अर्धा तास वेगळा धराच. आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच नोंदवा.

प्रश्नकर्ती: मग नंतरचीच ट्रेन घेते. आईची धावपळ नको.