मदत हवी आहे: एटी८९एस५२ चा जुना प्रोग्रॅम एसडीसीसीवर बसत नाही

मंडळी, जालना एमआयडीसीत बियाणे पॅकिंगच्या जुन्या मशीनचा कंट्रोलर चालू ठेवायचाय. चिप एटी८९एस५२ (८०५१ घराण्यातला मायक्रोकंट्रोलर), म्हणजे फ्लॅश ८ केबी आणि रॅम फक्त २५६ बाइट. मूळ सी कोड केल सी५१ या विकतच्या कंपायलरचा. आता लायसन्स नाही आणि त्याच्या मोफत आवृत्तीला २ केबीची मर्यादा, म्हणून एसडीसीसी या मोफत कंपायलरवर आणतोय.

एसबिट, इंटरप्ट वगैरेचे शब्द बदलून झाले, कंपाइल होतं. लिंकर (कोडचे तुकडे जोडून त्यांना मेमरीत जागा देणारा) मात्र अडतो: इंटर्नल रॅममध्ये डीएसईजीसाठी (थेट पत्त्याने वापरायच्या व्हेरिएबल्सचा भाग) सलग जागा नाही. मोठे अ‍ॅरे आयडेटामध्ये (त्याच रॅमचा अप्रत्यक्ष पत्त्याने वापरायचा भाग) हलवले, प्रिंटएफ काढून टाकलं, तरी तेच. माझ्या मते खरं दुखणं ओव्हरलेचं, म्हणजे एकच जागा अनेक फंक्शन्सनी आळीपाळीने वापरण्याचं आहे. केल अख्ख्या प्रोग्रॅमचा कॉल-ट्री (कोणतं फंक्शन कुणाला कॉल करतं ते) बघून लोकल व्हेरिएबल्सची जागा वाटून वापरतो. एसडीसीसी ते फक्त दुसऱ्या कुणाला कॉल न करणाऱ्या फंक्शनसाठी करतो. वजनाचं गणित फ्लोटमध्ये (दशांश संख्यांत) आहे, त्यामुळे ती सगळी फंक्शन्स लायब्ररीला कॉल करतात आणि या वाटणीतून बाद होतात.

लार्ज मॉडेल (व्हेरिएबल्स बाहेरच्या रॅममध्ये ठेवणारं) सुचवू नका, बोर्डावर बाहेरची रॅम नाही आणि त्यासाठी लागणारे पी० व पी२ हे पोर्ट एलसीडी-रिलेला गुंतलेत. नवा बोर्डही नको, खरिपाच्या पॅकिंगआधी मशीन चालू व्हायलाच हवं.

फ्लोट काढून ग्रॅममध्ये लाँग (३२ बिट पूर्णांक) वापरलं तरी गुणाकार-भागाकाराला लायब्ररी लागणारच. मग अशा फंक्शन्सची लोकल जागा हाताने, सी मधलं युनियन (एकाच जागेवर अनेक व्हेरिएबल्स) करून, सुरक्षितपणे वाटून घेता येते का? टायमर इंटरप्ट चालू असताना कुणी हे केलंय का, आणि कसं?