शोषण, पचन की जिरणे?

प्रश्न : गोपालकांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. त्यात ‘लहान आतड्यात अमिनो आम्लांचे शोषण होते’ असे वाक्य आलेय. शोषण म्हटले की लोकांना पिळवणूकच आठवते. त्याऐवजी ‘पचन’ लिहिले तर?

प्रतिसाद : नको ताई, अर्थ बदलेल. पचन म्हणजे तोडणे, शोषण म्हणजे तोडलेले आत घेणे. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. ती जठरात पेप्सिन हे पाचक विकर तोडते, पुढे स्वादुपिंडातून आलेले ट्रिप्सिन. मग सुटी अमिनो आम्ले आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आत ओढतात, बरीचशी सोडियमच्या जोडीने. दोन-तीन अमिनो आम्लांचे तुकडे मात्र वेगळ्या वाटेने शिरतात आणि बहुतांशी पेशीच्या आत गेल्यावर सुटे होतात. तिथून यकृताकडे जाणाऱ्या शिरेत.

हे दोन शब्द वेगळे का ठेवायचे, ते तुमच्या वाचकांना गोठ्यातच दिसेल. गाईची रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे वारेतून वासराकडे जात नाहीत, ती चिकातून मिळतात. प्रतिपिंड हेही प्रथिनच, पण नुकत्याच जन्मलेल्या वासराचे आतडे ते न तोडता अख्खे रक्तात घेते. चिकात ट्रिप्सिनला अडवणारा घटकही असतो. इथे शोषण आहे, पचन नाही! ही क्षमता तासागणिक घटते आणि साधारण 24 तासांत संपते. पत्रकात हे ठळक छापाच : पहिला चीक वासराला, जन्मल्यावर शक्य तितक्या लवकर. घरच्या खरवसाचा विचार त्यानंतर.

दुसरा प्रतिसाद : ‘जिरणे’ का नको? पाणी जमिनीत जिरते, तेल डोक्यात जिरते. ऐकणाऱ्याला लगेच कळते.

पहिल्याचे उत्तर : शब्द मलाही फार आवडतो. पण ‘जेवण जिरले’ म्हणताना आपण पचन आणि शोषण दोन्ही एकत्रच धरतो. चिकाची गोष्ट सांगायला तो अपुरा पडतो. मोठ्या जनावराचेही तसेच : पेंडीतले बरेचसे प्रथिन कोटीपोटातले (पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातले) जंतू मोडतात, त्यातून स्वतःचे प्रथिन घडवतात, आणि पुढे आतड्यात पोचते त्यात मोठा वाटा या जंतूंचा असतो. कुठे मोडले आणि कुठे आत गेले, हे वेगवेगळे सांगता यायला हवे.

प्रश्नकर्ती : मग ‘शोषण’च ठेवते, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘म्हणजे आतड्यातून रक्तात जाणे’ असे जोडते. चिकाची चौकट पहिल्या पानावर घेते.