प्लाझा क्वार्टेलची पाटी: दुरुस्त करावी की राहू द्यावी?

जुनेपाने
फिलिपिन्समधल्या पलावान बेटावर, पोर्तो प्रिन्सेसा शहरात, प्लाझा क्वार्टेल नावाची बाग आहे. दुसऱ्या महायुद्धात इथे जपान्यांची युद्धकैदी छावणी होती. 14 डिसेंबर 1944 ला हवाई हल्ल्याचा बहाणा करून 150 अमेरिकन कैद्यांना चरांत उतरवलं, वरून पेट्रोल ओतून पेटवलं, बाहेर पडणाऱ्यांना मशीनगन आणि संगिनींनी मारलं. 139 मेले, 11 वाचले. बागेतली जुनी पाटी मात्र सांगते की सुमारे 154 कैद्यांना दोन बोगद्यांत केम्पेताईने, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांनी, जिवंत जाळलं. त्या दिवशी छावणीत 154 कैदीच नव्हते! मोठे चर तीन होते, आणि कितीतरी जण आगीत नव्हे तर समुद्रकाठी गोळ्यांनी गेले. छावणी केम्पेताईच्या नव्हे, जपानी सैन्याच्या 131 व्या एअरफील्ड बटालियनच्या ताब्यात होती. एका वाक्यात एवढ्या चुका असतील तर पाटी काढून नवी लावावी. माझं मत स्पष्ट आहे.

खारावारा
काढायला ठाम विरोध. ती पाटी स्वतःच एक पुरावा आहे: गावाने ही घटना कशी लक्षात ठेवली याचा. शिवाय तिच्यातली एक गोष्ट बहुतेक अमेरिकी लिखाणात एका ओळीत उरकलेली असते. वाचलेले लोक उपसागर पोहून इवाहिगला पोचले, तिथल्या तुरुंग-वसाहतीच्या लोकांनी त्यांना सांभाळलं आणि गनिमी तुकड्यांनी दक्षिण पलावानला सुखरूप नेलं, हे ती पाटी सांगते. नव्या पाटीत हे टिकेल याची हमी कोण देणार? शेजारी दुसरी पाटी लावा, आकडे तिच्यावर द्या.

जुनेपाने
दोन पाट्या, दोन आकडे. पर्यटक फोटो कुठल्या पाटीचा काढतो? जी आधी दिसते तिचा. आज जालावर 154 फिरतंय ते असंच.

हिशेबनीस
आकड्यापेक्षा मोठा प्रश्न नावांचा आहे. नवा दगड करायचा झाला तर त्यावर फक्त मेलेल्यांचीच नावं हवीत. 1952 मध्ये 139 पैकी 123 जणांचे अवशेष मिझुरीत, सेंट लुईसजवळच्या जेफर्सन बॅरॅक्स दफनभूमीत एकाच सामूहिक कबरीत ठेवले, कारण वेगळे ओळखता येत नव्हते. ज्यांना स्वतंत्र कबर मिळाली नाही त्यांना निदान मृत्यूच्या जागी स्वतःची ओळ मिळावी. वाचलेले घरी गेले, संसार केले. ग्लेन मॅकडोल तर आयोवात पोलीस झाले आणि म्हातारपणी स्मारकाच्या अनावरणालाही हजर होते. त्यांची नावं त्याच यादीत घातली की यादीचा अर्थच बदलतो.

कडेलोट
साफ अमान्य. अकरा जण वाचले नसते तर हे हत्याकांड कुणाला कळलंच नसतं. वाचलेल्यांपैकी युजीन नीलसन यांनी जानेवारी 1945 मध्ये अमेरिकी गुप्तचर अधिकाऱ्यांना साक्ष दिली, आणि उरलेल्या छावण्यांतही हेच होईल या धास्तीने 30 जानेवारीला फिलिपिन्समधल्याच कबानातुआनच्या युद्धकैदी छावणीवर छापा घालून पाचशेच्या वर कैदी सोडवले. हे श्रेय कुठे नोंदवणार?
आणि ते नुसत्या नशिबाने वाचले असंही नाही. कड्याकडच्या चरात कैद्यांनी आधीच गुपचूप मागचं तोंड खणून ठेवलं होतं. तीसचाळीस जण तरी खाली किनाऱ्यावर पोचले. तिथे शोधून शोधून मारले गेले, त्यातून अकरा उरले. म्हणजे पळण्याची तयारी मेलेल्यांचीही होती. दोन याद्या तोडल्या की हेच पुसलं जातं.

हिशेबनीस
मग सप्टेंबर 1944 मध्ये मनिलाला परत पाठवलेल्या निम्म्या कैद्यांचं काय? तेही या छावणीतून 'वाचले'च की. बागेतलं 2009 चं शिल्प डॉन श्लोट यांनी घडवलेलं. तेही याच छावणीतले कैदी, पण हत्याकांडाच्या आधीच हलवलेले. रेषा कुठे ओढायची?

कडेलोट
14 डिसेंबरला आत होता तो यादीत. एवढी सोपी रेषा आहे.

ठोकणीकर
वाद चालू द्या, पण दगड कसा असावा हेही बघा. 150 नावं, उभ्याने वाचायची, म्हणजे अक्षर 20 मिमीपेक्षा लहान नको, ओळ 35 मिमीची धरा. पाच रकान्यांत तीस-तीस ओळी केल्या तर उंची सव्वा मीटरच्या आत बसते, रुंदी मात्र दोन मीटरच्या आसपास जाते. एकच शिळा महाग आणि वाहतुकीत तडकते, तेव्हा पाच उभ्या फळ्या करा. एका फळीवरचं नाव चुकलं तर तेवढीच बदलता येते. अशा यादीत नावं चुकतातच.
समुद्र अगदी शेजारी. संगमरवर नको: मीठ छिद्रांत शिरून स्फटिक होतं, पृष्ठभाग भुगा होऊन सुटतो. काळा ग्रॅनाइट, अक्षरं खोल व्ही आकारात कोरलेली. रंग भरला तर ऊन-पावसात उडणार हे धरून चाला, रंगाशिवायही वाचता आलं पाहिजे. ब्राँझची पाटी लावलीत तर खालच्या फिकट दगडावर हिरवे ओघळ उतरतात, वर चोरीची भीती.
सगळ्यात जास्त चुका बसवताना होतात. साध्या लोखंडी खुंट्या वापरतात, त्या गंजून फुगतात आणि कोपऱ्यापासून दगड फोडतात. 316 दर्जाचं स्टेनलेसच हवं. मागच्या काँक्रीटमध्ये सळईवर किमान 50 मिमी आवरण. फळ्यांमागे पाणी साचू नये म्हणून खाली फट सोडा.

खारावारा
सुट्या फळ्यांमुळे माझा विरोध बराच कमी झाला. सहावी फळी इवाहिगच्या लोकांसाठी ठेवा, जुनी पाटी आहे तिथेच राहू द्या.

जुनेपाने
सहावी फळी मान्य. जुनी पाटी संग्रहालयात, खाली तारीख आणि दुरुस्तीची नोंद लावून. बागेत नाही.

हिशेबनीस
अकरा नावं पाचव्या फळीच्या तळाशी, मध्ये दोन ओळींची जागा सोडून. त्याहून वर माझ्याकडून होकार नाही.

कडेलोट
आडनावाच्या क्रमाने, एकाच यादीत, अकरांच्या पुढे एक छोटी खूण. तळाशी ढकलणं मान्य नाही.