रोजच्या वस्तूंबाबत चोखंदळ असलं तर माफी कशाला मागायची?

निळीशाई :

कुठलंही पेन चालतं, कुठलाही दिवा चालतो, कुठलीही उशी चालते असं म्हणणारा माणूस समजूतदार ठरतो आणि ‘मला हेच लागतं’ म्हणणारा नखरेल. हे मला मान्य नाही. घर, नोकरी, जोडीदार निवडताना कितीही चिकित्सा केली तरी लोक त्याला शहाणपण म्हणतात. पण असे निर्णय आयुष्यात मोजकेच येतात. पेन रोज बोटांत असतं, दिवा रोज रात्री डोळ्यांवर असतो. जी वस्तू रोज अंगाला लागते तिच्याबाबतच सगळ्यात जास्त चोखंदळ असावं, आणि त्याबद्दल कुणाची माफी मागू नये, असं माझं ठाम मत आहे.

दिव्याचंच घ्या, माझा सगळ्यात मोठा हट्ट तोच. एलईडी बल्बच्या खोक्यावर २७०० के, ४००० के, ६५०० के असं काहीतरी छापलेलं असतं. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप. बहुतेक जण फक्त वॉट बघतात आणि पैसे देऊन मोकळे होतात. २७०० म्हणजे जुन्या तारेच्या बल्बसारखा पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. झोपण्याआधी वाचत बसायच्या खोलीत ६५०० लावला की मला त्रास होतो आणि तो मनाचा खेळ नाही. डोळ्यांच्या पडद्यात निळ्या उजेडाला खास दाद देणाऱ्या पेशी असतात, त्या मेंदूला अजून दिवस असल्याचं कळवत राहतात.

दुसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. तारेचा बल्ब जवळजवळ १००, साधा एलईडी ८० च्या आसपास. त्यातली मेख अशी की हा आकडा आठ फिक्या रंगांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरतच नाहीत. म्हणून ८० लिहिलेल्या दिव्याखालीसुद्धा लाल कापड मातकट दिसू शकतं आणि माणसांचे चेहरे आजारी. पटत नसेल तर एकच लाल कापड आधी खिडकीशी आणि मग दिव्याखाली धरून बघा. आणि दिव्यासमोर पेन झपाझप हलवा. सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. सुटी सुटी पेनं दिसली तर तो दिवा सेकंदाला शंभर-एकशेवीस वेळा मंद-तेज होतोय. हे सगळं माहीत असूनही ‘चालतंय की’ म्हणायचं?

पेनाचं थोडक्यात सांगते. बॉलपेनची शाई तेलकट आणि दाट, तिला दाबावं लागतं. जेलची शाई पाण्यातली, ती आपसूक उतरते. ज्याला पानंच्या पानं लिहायची असतात त्याच्या अंगठ्याला हा फरक विचारा.

तुम्ही कशाबाबत अडून बसता? आणि हे सगळं फाजील वाटत असेल तर तेही कारणासकट सांगा.

चालतंय :

फाजील वाटतं. कारणही देतो. माणसाला आपली आवड जितकी पक्की वाटते तितकी ती नसते. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला एक प्रयोग झाला. २१ व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर गडद चष्मे चढवले, खोलीतला उजेड मंद केला आणि हातात सहा व्हायोलिनं दिली, तीन नवी आणि तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हरी होती, म्हणजे जगात सगळ्यात नावाजलेली जुनी इटालियन व्हायोलिनं. नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे त्यांना नीट ओळखता आलं नाही. ज्यांचं पोट या वाद्यावर चालतं त्यांची ही गत, तर पेनाच्या टोकाबद्दल आपण एवढी खात्री कशाच्या जोरावर बाळगायची? निम्मी आवड नावाची, निम्मी सवयीची. सवय तर बदलता येते.

निळीशाई :

प्रयोग अर्धाच सांगितलात. त्याच वादकांना शेवटी ‘यातलं घरी कुठलं न्याल?’ असंही विचारलं होतं. बहुतेकांनी नवं निवडलं आणि सगळ्यात नावडतं ठरलं ते एक स्ट्रॅडिव्हरीच. म्हणजे वय ओळखता आलं नाही, पण हाताला काय बरं वाटतं हे त्यांना पक्कं सांगता आलं. नाव झाकलं तरी आवड शिल्लक राहिली. मी नावावर कुठे अडतेय? माझ्या आवडत्या पेनावरचं नाव खरवडून द्या, मी तेच उचलेन.

डावखुरी :

निळीशाईला पूर्ण पाठिंबा, आणि माझं कारण आवडीच्याही पुढचं आहे. जगात दहातला साधारण एक जण डावखुरा असतो. डावीकडून उजवीकडे लिहिताना आमचा तळहात आत्ताच लिहिलेल्या ओळीवरून सरकतो. शाई लगेच वाळली नाही की अक्षर फरफटतं आणि करंगळीखालची कड निळी होते. शिवाय उजवा हात टोक ओढतो, डावा ते ढकलतो, त्यामुळे टोकदार निब कागदात रुतते. म्हणून मी पेन हातावर घासून बघितल्याशिवाय घेत नाही.

कात्रीचं तर विचारूच नका. नेहमीची कात्री उजव्या हातासाठी घडवलेली असते. ती डाव्या हातात धरली की बोटांचा दाब पाती एकमेकांवर आवळण्याऐवजी फाकवतो, कागद मध्येच दुमडतो आणि कापायची रेघ पात्याआड जाते. शाळेत मला ‘हात वाकडा आहे’ असं ऐकावं लागलं. माझी स्वतःची कात्री कुणी नेली की मी भांडते, आणि भांडणारच.

उंबरठा :

डावखुरीचं कारण शंभर टक्के मान्य. पण बाकीच्या कौतुकात एक माणूस कुणालाच दिसत नाहीये : चोखंदळ माणसाबरोबर राहणारा.

माझे वडील टॉवेलच्या घडीबाबत काटेकोर होते. लांबीत तीन, मग आडवी दोन, कड आत. घडी त्यांनी कधीच घातली नाही. ती आई घालायची, आणि कड बाहेर आली तर न बोलता टॉवेल झटकून परत तिच्यापुढे ठेवला जायचा. पंख्याचा वेग, दाराची कडी किती जोरात लावायची, वर्तमानपत्राचं पान कुणी आधी उलगडायचं, सगळ्याला नियम. वडील वाईट नव्हते. पण त्यांच्या प्रत्येक आवडीचा बोजा दुसऱ्या कुणाच्या तरी हातांवर होता, आणि लोक मात्र म्हणायचे, ‘काय टापटीप आहे यांची!’ बहुतेक घरांत ‘मला हेच लागतं’ म्हणायची मुभा एकालाच असते, बाकीच्यांनी चालवून घ्यायचं असतं. त्यामुळे ‘माफी मागू नये’ वाचून मला राग आला. काही जणांनी मागायलाच हवी होती.

कूसबदलू :

उशीबद्दल मात्र माघार नाही. कुशीवर झोपणाऱ्याला खांदा आणि डोकं यांतली पोकळी भरून काढणारी जाड उशी लागते, पालथं झोपणाऱ्याला पातळ. चुकीची उशी मिळाली की सकाळी मान धरते. मी प्रवासातही माझी उशी नेतो, आणि ती मीच उचलतो. उंबरठा, तुमच्या कसोटीवर मी पास का?

कानठळी :

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होतेय. शेजारच्याचं मचमच चावणं, नाक ओढणं, पेनाचं बटण टकटक करणं याने माझ्या छातीत धडधडतं, उठून निघून जावंसं वाटतं. याला मिसोफोनिया म्हणतात. हे नाव २००१ सालचं. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या संशोधकांनी अशा लोकांचे मेंदू तपासले, तेव्हा हे ठरावीक आवाज ऐकताना मेंदूतला भावनांशी जोडलेला एक भाग इतरांपेक्षा खूप जास्त चेतलेला दिसला. बाळाचं रडणं किंवा किंकाळी यांसारख्या एरवीही नकोशा वाटणाऱ्या आवाजांना तसा फरक नव्हता. म्हणजे मी सगळ्याच आवाजांना नाजूक आहे असं नाही. मला चोखंदळ म्हटलं की वाईट वाटतं, कारण त्यात निवड गृहीत धरलेली असते. मी हे निवडलेलं नाही.

चालतंय :

कानठळी, तुमचा त्रास त्रासच आहे, त्यावर वादच नाही. डावखुरीचंही तसंच. माझा विरोध निवडून जोपासलेल्या चोखंदळपणाला आहे. हर्बर्ट सायमन या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडलं होतं की माणूस सर्वोत्तम शोधत बसत नाही, गरजेपुरतं बरं मिळालं की थांबतो. २००२ मध्ये बॅरी श्वार्ट्झ हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बघितलं की दर वेळी सर्वोत्तमच हवं असणारी माणसं सरासरीने कमी समाधानी असतात आणि निवडीनंतर जास्त हळहळतात. समोर जे आहे त्यात काम उरकता येणं हे मला मोठं बळ वाटतं. ते पेन संपलं, ती शाई बंद झाली, तर तुम्ही लिहायचं थांबणार?

निळीशाई :

मुळीच नाही, पण शोधत राहीन. आणि तुम्ही सांगितलेलं संशोधन माझ्यासारखीला लागू पडत नाही. ‘याहून चांगलं असेल का’ म्हणून तळमळणारा वेगळा, आणि आपलं सापडलंय म्हणून थांबलेली वेगळी. मला पेन एकदा मिळालं, मी शोध बंद केला. सायमन ज्याला बरं म्हणतो ते तेच, फक्त माझी पट्टी वर आहे. ग्लेन गूल्ड हा पियानोवादक वडिलांनी बनवून दिलेली एकच बुटकी खुर्ची जन्मभर सगळीकडे नेत राहिला, बैठक फाटून सांगाडा उरला तरी. दुसरी चांगली मिळेल म्हणून तो हळहळत बसला नाही.

उंबरठा, तुमच्या वडिलांच्या वागण्याचं समर्थन मी करणार नाही. माझा हट्ट मी माझ्या हातांनी पुरवते. बल्ब मीच शोधते, मीच स्टुलावर चढून लावते.

उंबरठा :

कूसबदलू, पास. उशी खुशाल न्या.

निळीशाई, लावता तुम्ही, पण त्या उजेडात बसतात सगळे. घरातल्या कुणाला पांढऱ्या उजेडातच सुईत दोरा ओवता येत असेल तर? त्याला विचारलंत का?

निळीशाई :

विचारलं होतं. घरात एकाला ६५०० शिवाय बारीक अक्षर वाचता येत नाही. बैठकीच्या खोलीत ४००० वर तोड निघाली. ती मला आवडलेली नाही आणि त्यालाही नाही. माझ्या टेबलावरच्या दिव्यात मात्र २७०० च राहणार, तिथे कुणी हात लावायचा नाही.

चालतंय :

टेबलाचा दिवा तुमचा, मान्य. ४००० वर दोघांनीही चालवून घेतलंच ना? माझं म्हणणं तेवढंच आहे.