मदत हवी आहे: डीएनडी चालू, तरी कर्जाचे फोन येतातच

१९०९ वर ‘स्टार्ट ०’ असा एसएमएस पाठवून डीएनडी (जाहिरातींचे कॉल-मेसेज रोखणारी सेवा) पूर्ण चालू केलंय. १४० ने सुरू होणारे जाहिरातींचे कॉल थांबले, पण साध्या दहा आकडी मोबाइल नंबरांवरून ‘पर्सनल लोन हवंय का?’ सुरूच आहे. एक ब्लॉक केला की दुसरा हजर. दूरसंचार नियामक ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर नंबर, तारीख, बोलण्याचा सारांश देऊन तक्रार केली, तर ‘ग्राहकाची संमती आहे’ म्हणून बंद! कुठल्यातरी अ‍ॅपच्या अटींवर टिक करताना ती दिली गेली असणार. ही संमती मागे कशी घ्यायची? कर्ज कंपनीला मेल पुरतो, की सिमवाल्याकडेच नोंद करावी लागते? कॉलरचं नाव दाखवणारी अ‍ॅप कृपया सुचवू नका, ती आधी सगळे कॉन्टॅक्ट मागतात.