बाहेरचा सदस्य म्हणजे शोभेची बाहुली?

ऑफिसातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणाऱ्या समितीत एक सदस्य कंपनीबाहेरचा असतो. "असले तज्ज्ञ वर्षातून एकदा येतात, चार स्लाईडी दाखवतात आणि चहा पिऊन जातात," असं त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहिलेलं वाचलं. असे महाभाग मीही पाहिलेत. पण सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही अंतर्गत समिती लागते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरचा. हा बाहेरचा माणूस मुद्दाम ठेवलाय. बाकीच्या सदस्यांचं अप्रेझल कंपनीतल्या साहेबांच्या हातात असतं, बाहेरच्याचं नसतं. ही कल्पना सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालातली, आणि त्या निकालामागे राजस्थानातल्या साथिन (गावपातळीवरची सरकारी महिला कार्यकर्ती) भंवरीदेवी यांच्यावरच्या सामूहिक अत्याचाराचं प्रकरण.

माझ्या आधीच्या कंपनीत एका तक्रारीवर "आपसात मिटवून टाका" असं चाललं होतं. बाहेरून आलेल्या वकीलबाईंनी शांतपणे विचारलं, "समेट तक्रारदाराने स्वतः मागितलाय का? आणि पैसे घेऊन समेट करता येत नाही, ठाऊक आहे ना?" खोलीत चिडीचूप. मग चौकशी झाली, तीही ९० दिवसांच्या आत.

खरी मेख वेगळीच आहे. या सदस्याला नेमते कंपनी आणि मानधनही तीच देते. नियमात लिहिलेला भत्ता दिवसाला २०० रुपये! मग कंपनी त्याहून जास्त जे काही देईल, त्यावर स्वतंत्रपणा टिकवायचा.

तुमच्या ऑफिसात या सदस्याचं नाव नोटीस बोर्डावर आहे का, एकदा बघाच.